ऑफ झाले
भस्माचा वास आला की लातूरहून शिरूर अनंतपाळकडे निघालेली ती अॅम्ब्युलन्स आठवते. आमच्या घरात ऑफ हा शब्द दिवसभर चालायचा. मोटार ऑफ, फोन ऑफ, गुरुजी आले नाहीत तर तास ऑफ, आणि आई गप्प बसली की तिचा मूड ऑफ. माणूस गेला तरी ऑफ झाला असंच म्हणायचे. त्या दुपारी दवाखान्याच्या दारातून काकांनी गावाकडं फोन लावला, "दादा ऑफ झाले. जागा खंदायला लावा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आडवं न्यायचं न्हाई लेका. अंग कडक व्हायच्या आत मांडी घालून बसीव." आमच्यात माणसाला बसवूनच माती देतात. मी वडलांचे गुडघे दुमडले; ते अजून कोमट होते. काकांनी त्यांच्या कपाळाला भस्म लावलं. घर येईपर्यंत मी त्यांना मागून मिठीत धरून बसलो. गाडी हादरली की त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर यायचं. ते असताना मी त्यांना असं कधी धरलं नव्हतं. आता शेतातली मोटार मी नुसती बंद करतो. तो शब्द ओठावर आला की खांदा जड होतो.