भाषणातले मामा

खोटं ऐकलं की मामा उठून चूळ भरून यायचे. समोर कोण बसलंय याची पर्वा नसायची. माल उशिरा आणणारा एखादा पुरवठादार गाडी पंक्चर झाल्याची गोष्ट पुन्हा सांगू लागला, की मामा शांतपणे नळाकडं जायचे, खळखळून चूळ भरायचे, पंच्यानं तोंड पुसायचे आणि परत येऊन म्हणायचे, "हां, आता खरं सांगा." कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. पंपांचे आणि द्राक्षबागेतल्या फवारणी यंत्रांचे सुटे भाग तिथं बनायचे. मी तिथं सुपरवायझर होतो. ते माझे सख्खे मामा नव्हेत; सगळी वसाहतच त्यांना मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी.

कामाच्या बाबतीत त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "चालतंय म्हणू नको. बसतंय का सांग." लेथ यंत्रावरून उतरलेला भाग ते स्वतः हातात घेऊन बसवून बघायचे. बसला नाही तर बाजूला. तासगावचा एक बागायतदार ऐन फवारणीच्या दिवसांत घाईनं आला होता. औषध कालवून ठेवलं होतं, यंत्र बंद पडलं होतं. "मामा, द्या आहे तसा, आठवडाभर निघाला तरी बास," तो म्हणत होता. मामांनी न बसलेला भाग दिला नाही. तो चिडून दुसरीकडं गेला. आम्हीही चिडलो, कारण गिऱ्हाईक कायमचं तुटलं. मामा एवढंच म्हणाले, "बागंत यंत्र थांबलं की शिवी मला बसणार हाय, तुमाला न्हाई."

असा हा कडक माणूस एका माणसाच्या बाबतीत मात्र एकदम मऊ होता. तो माणूस म्हणजे साहेब. आमच्या भागातले ज्येष्ठ नेते, दिल्लीत पोचलेले. तरुणपणी मामा साताऱ्यात आयटीआय करत होते आणि साहेब कॉलेजात होते, तेव्हा दोघं एकाच खोलीत राहायचे. मामा स्वयंपाक करायचे आणि साहेब भाकरी खात खात भाषणांचा सराव करायचे. त्यांच्या पहिल्या निवडणुकीत मामांनी भिंती रंगवल्या होत्या. पुढं साहेब संसदेत बोलणार असले की वर्कशॉपमध्ये यंत्रं थांबायची. मामा टीव्हीचा आवाज वाढवायचे. "गप्प बसा रं, आपला माणूस बोलतोय."

साहेब तेव्हा विरोधी बाकांवर होते आणि खरोखर चांगलं बोलायचे. देशाची वाढ किती झाली हे सांगू नका, लहान कारखान्याच्या दारात ती किती पोचली ते सांगा, असं ते सरकारला सुनावायचे. आम्हाला वाटायचं, हा आमच्याच शेडमध्ये उभा राहून बोलतोय. मामांचे डोळे भरून यायचे. मामी भाकरीचा डबा उघडून ठेवायच्या, पण भाषण संपल्याशिवाय मामा घासाला हात लावत नसत.

नंतर साहेब पक्ष बदलून पलीकडच्या बाकांवर गेले. मामांनी तेही समजून घेतलं. "काम करायचं तर सत्ता पायजे," ते म्हणाले. त्याच सुमारास पुण्याच्या ज्या कंपनीचं काम आम्ही करायचो, तिनं ते एका मोठ्या कारखान्याला दिलं. मामांनी वर्षभर ओढून धरलं, मग शेड बंद केलं. आम्ही अकरा जण होतो. प्रत्येकाला त्यांनी घरी जाऊन सांगितलं, कुणाला निरोप धाडला नाही. मला साताऱ्याच्या वसाहतीत नोकरी लागली. लेथ चालवणारा शिवाजी टर्नर, ज्याचा हात आमच्यात सगळ्यात सफाईदार होता, तो एका मॉलच्या दारात शिट्टी घेऊन उभा राहू लागला. मामांनी एक जुना लेथ तेवढा ठेवला. बाकीची यंत्रं भंगारात गेली.

आणि मग ते भाषण झालं. अर्थव्यवस्थेवर चर्चा होती. साहेब उठले, चष्मा पुसला, आवाज खाली आणला. देशाची प्रगती दिसत नाही म्हणणाऱ्यांनी माझ्या भागात यावं, म्हणाले. कुपवाडला माझा मित्र आहे, साधा फिटर होता. त्यांनी मामांचं पूर्ण नाव घेतलं. आज त्याच्या शेडमध्ये चाळीस माणसं काम करतात, त्याचा माल परदेशात जातो, सुशासन म्हणतात ते हेच. सभागृहानं बाकं वाजवली.

मी साताऱ्यात कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मोबाईलवर हे बघितलं आणि हातातला घास खाली ठेवला. त्या शेडच्या कुलपाला तोवर गंज चढला होता. साहेबांना हे माहीत होतं. शेड बंद झालं तेव्हा मामांनी त्यांना स्वतः फोन केला होता. खोटं बोलणारे पुष्कळ बघितले, पण दोस्ताचं बंद पडलेलं आयुष्य उचलून त्याच्यावर बाकं वाजवून घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. मला किळस आली.

दुसऱ्या दिवशी मामांकडं पेढे घेऊन माणसं आली. चौकात फ्लेक्स लागला, साहेब आणि मामा शेजारी शेजारी. मामांना ते सगळं सहन झालं असतं. सहन झाला नाही तो शिवाजी. तो संध्याकाळी गणवेशातच आला आणि दारातून म्हणाला, "मामा, आमाला काढून दुसरीकडं शेड टाकलं व्हय? चाळीस माणसं घेतली, मला एकट्याला तरी बोलवायचं."

मामी म्हणाल्या, "आरं, तुला तरी कळाय पायजे की."

"टीव्हीवर सांगितलंय, मामी. दिल्लीत खोटं सांगतील व्हय?"

शिवाजी गेल्यावर मामांनी मला फोन केला. "साहेब रविवारी साताऱ्यात हाय. मी येतोय. तू संगट चल."

विश्रामगृहाच्या मोठ्या खोलीत साहेबांनी मामांना मिठी मारली. भोवती दहापंधरा माणसं होती. "गड्या, तुझं नाव देशाच्या सभागृहात घेतलं बघ. लोकांची हयात जाते त्यासाठी."

"नाव माझं घेतलंस," मामा म्हणाले, "पण गोष्ट कुणाची सांगितलीस?"

साहेब हसले. "आरं, शेड तुझंच हाय ना?"

"बंद हाय. तुला ठावं हाय. आन चालू व्हतं तवाबी अकरा माणसं व्हती."

"आकडा सोड रं. देशाचं चित्र उभं करायचं असतं तिथं. लोकांना उमेद द्यायची असते."

"माझा टर्नर दारात येऊन मला चोर ठरवून गेला. त्याला तुजी उमेद कशी सांगू? त्या सभागृहातच उभा राहा आन सांग, माजं चुकलं म्हणून."

साहेबांचा आवाज अजून गोडच होता. लघुउद्योगांची एक जिल्हा समिती होतेय, तिच्यावर तुला घेतो, ते म्हणाले. पाठीमागच्या एकानं लगेच टाळी वाजवली. मामांनी चहाचा कप होता तिथंच ठेवला आणि बाहेर आले. बागेतल्या नळावर ते बराच वेळ चूळ भरत राहिले. मी शेजारी उभा होतो. तोंड पुसून म्हणाले, "हेच्या भाषणासाठी मी यंत्रं थांबवायचो."

कुपवाडला परतल्यावर त्यांनी शिडी घेतली आणि भर दुपारी चौकातला फ्लेक्स स्वतः उतरवला. साहेबांच्या पक्षाची चार पोरं धावून आली, अद्वातद्वा बोलली. मामा म्हणाले, "माझा फोटो हाय, मी नेतोय." मग त्यांनी आम्हा सगळ्यांना शेडवर बोलावलं. कुलूप तेल घालून उघडलं. आत यंत्रांच्या जागी जमिनीत नुसते बोल्ट उरले होते, आणि कोपऱ्यात तो एक लेथ. मामा शिवाजीला म्हणाले, "बघ. सगळीकडं फिरून बघ." शिवाजी फिरला नाही. तो आपल्या जुन्या जागी जाऊन खाली बसला. मामींनी पिठलं-भाकरी आणली होती. आम्ही तिथंच जेवलो. त्या दिवसानंतर आमच्यातला प्रत्येक जण मामांच्या घरी येत-जात राहिला.

टीव्हीवर संसद लागली की मामा आता उठून बाहेर ओट्यावर जायचे. लेथवर किरकोळ कामं करायचे, भाग बसवून बघायचे. गेल्या वर्षी लेथजवळच ते कोसळले. शिवाजी त्या वेळी तिथं होता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

अंत्ययात्रेला साहेब आले. पाचसहा गाड्या, कॅमेरे, मोठं पुष्पचक्र. ते पुढं आले तेव्हा आम्ही अकरा जण मामांच्या भोवती उभे होतो. कुणी काही ठरवलं नव्हतं. कुणी जागेवरून हललंही नाही. साहेब क्षणभर थांबले, वाट होईना असं बघून पुष्पचक्र एका कार्यकर्त्याकडं दिलं आणि मागं फिरले. बाहेर कॅमेऱ्यापुढं जाऊन त्यांनी चष्मा पुसला, आवाज खाली आणला. "देशाच्या प्रगतीचा एक शिल्पकार गेला," ते म्हणाले. "चाळीस कुटुंबांचा आधार गेला."

घरी आल्यावर मामींनी विचारलं, "काय म्हणत हुता तो?" मी शब्दन् शब्द सांगितला. मामांच्या घरात मला वेगळं काही सांगता येणं शक्य नव्हतं. मामी म्हणाल्या, "त्येला कळीव, तेराव्याला यिऊ नको म्हणावं. माज्या दारात पाय ठिवायचा न्हाई."

मी साहेबांच्या कार्यालयात फोन लावला. सहायकानं निरोप नीट ऐकून घेतला. मग म्हणाला, "काळजी करू नका. साहेब तसंही येणार नव्हते, दिल्लीत अधिवेशन सुरू होतंय. अर्थव्यवस्थेवर बोलायचंय त्यांना."