डोळ्यांत गेलेला रिठा

गल्लीतले लोक तिला रिठेमावशी म्हणायचे. नवरा गेल्यावर तिने घरामागच्या पत्र्याच्या खोलीत हा उद्योग मांडला. रिठे कडकडीत वाळवायचे, फोडून आतली काळी बी काढायची, टरफलं कुटायची, नाकाला फडकं बांधून पूड चाळायची. तरी शिंका सुटायच्याच. शेजारी म्हणायचे, "मावशी घरात आहे का, हे विचारावं लागत नाही." रेशमी कपडे असोत, लोकरीचे स्वेटर असोत, काळवंडलेली चांदी असो की कोंड्याने भरलेलं डोकं, तिच्याकडे उपाय एकच. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला वाक्यही एकच. "झाडाचं फळ आहे हो, अपाय म्हणून नाही."

हे पुरतं खरं नव्हतं. एकदा चाळताना पूड तिच्याच डोळ्यात गेली होती, तेव्हा दुपारभर ती नळाखाली डोळा धरून बसली होती. पण तसं सांगितलं तर गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून ती सांगत नसे.

तिची धाकटी बहीण पलीकडच्याच गल्लीत राहायची. तिच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या. सगळे उपाय थकले तेव्हा धाकटी रडकुंडीला येऊन मावशीकडे आली.

"घट्ट काढा कर," मावशी म्हणाली. "केसांना चोळ, थोडा वेळ राहू दे, मग धू."

"ताई, डोळ्यांत गेलं तर?"

मावशी क्षणभर थांबली. "साबणासारखं चुरचुरेल जरा. एवढं काय!"

दुसऱ्या दिवशी काढा लावताना मुलीने हिसका मारला आणि सगळं डोळ्यांत उतरलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बुबुळाला इजा झाल्याचं सांगितलं, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली. "हे लावायला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

धाकटीने खाली बघितलं. "घरोघरी लावतात, म्हणून लावलं."

बाहेरच्या बाकांवर माणसं बसली होती. त्यांच्यादेखत धाकटीचा नवरा तिला फाडफाड बोलला. "एवढीशी पोर धरता येत नाही तुला? डोळा गेला असता तिचा!"

"माझ्याच हातून झालं," धाकटी म्हणाली.

सोबत आलेली मावशी भाचीच्या चपला हातात घेऊन भिंतीशी उभी होती.

त्यानंतर तिने कुटायला घेतलं नाही. रोज भाचीला बघायला मात्र जायची. एका डोळ्याने अंदाज चुकून अडखळणारी पोर विश्वासाने तिचाच हात धरायची, तेव्हा तो सोडवून पळून जावंसं वाटायचं. धाकटीच्या घरात अबोला होता. नवरा ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन जेवायचा. हे सगळं आपल्या एका वाक्याने झालंय, हे मावशीला दिसत होतं. पण आज सांगू, उद्या सांगू म्हणत ती परत यायची.

पट्टी निघाली. नजर शाबूत होती, फक्त उजेड काही दिवस सोसणार नव्हता. त्या संध्याकाळी मावशीने धाकटीला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवलं.

"हिने मला विचारलं होतं, डोळ्यांत गेलं तर काय. मला माहीत होतं. माझ्या डोळ्यात गेलं होतं एकदा. मी खोटं बोलले. हिची काही चूक नाही."

नवरा उठून बाहेर गेला. धाकटी पदराचं टोक पिळत राहिली.

"मला शंका आली होती, ताई. तू थांबली होतीस ना, बोलण्याआधी."

"मग दवाखान्यात बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते," धाकटी म्हणाली. "डोळ्याचं एक वेळ समजू शकते मी. पण तो सगळ्यांसमोर मला बोलत होता आणि तू ऐकत उभी होतीस."



पुढे मावशीने काम पुन्हा सुरू केलं. पुडी देण्याआधी ती आता डोळ्यांचं सांगते. काहीजण ऐकून पुडी परत ठेवतात. धाकटीच्या नवऱ्याने एके दिवशी बायकोची माफी मागितली, हे मावशीला भाचीकडूनच कळलं. धाकटी येते, चहा घेते, हसते-बोलतेही. पण मावशीने काही सुचवलं की "बघू" म्हणते आणि दुसराच विषय काढते. मग मावशीही पुढे रेटत नाही.