वायर काढली तरी जळणारा दिवा

सौंसरला बसस्टँडच्या मागे गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका आहेत. माझी नोकरी त्यांच्यामुळे टिकली. हे आधी लिहून ठेवतो, कारण काय झालं ते सांगायला लागलो की मी माझ्या भीतीचंच सांगत बसतो.

मी कोकणातला. आठवीत शाळा सोडली, गाडी शिकलो आणि फिरत फिरत पांढुर्ण्याच्या एका संत्रा व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर लागलो. शेठ माणूस चांगला, पण गाडीच्या बाबतीत हळवा. त्या सकाळी आम्ही मोहगावकडची एक बाग पाहायला निघालो होतो. सौंसर जवळ आलं आणि डॅशबोर्डवर ऑईलचा लाल दिवा लागला. मी गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद केलं. एवढी अक्कल होती.

गाडी ओढून गावात नेली. गॅरेजवाल्याने दिवा पाहिला आणि ऑईल पंप गेला, इंजिन उतरवावं लागेल, असं सांगून टाकलं. शेठनी मला विचारलं, ऑईल कधी पाहिलं होतंस? कालच, म्हणालो. त्यांना पटलं नाही. तुझ्या हयगयीने इंजिन गेलं असेल तर उद्यापासून येऊ नकोस, एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. घरी दर महिन्याला माझ्या पगाराची वाट पाहतात, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. जवळच्या चहावाल्याने सुचवलं, इंजिन उतरवण्याआधी वायरिंगवाल्याला तर दाखवा. मी पळतच गेलो.

काका आले. गाडीने काही आवाज केला होता काय, विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी ऑईलची पट्टी काढून पाहिली, ऑईल भरपूर होतं. मग इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवायला सांगितली. इंजिनवर ऑईलचा एक छोटा स्विच असतो. ऑईलला दाब नसला की तो आपली वायर इंजिनच्या लोखंडाला जोडतो आणि दिवा लागतो. काकांनी ती वायर स्विचवरून काढून हवेत धरली. दिवा विझायला हवा होता. तो जळतच राहिला.

"शेठ, वायर माह्या हातात हाय," काका म्हणाले. "इंजिन आता दिव्याशी बोलूनच नाही राहिलं. तरी दिवा जळून राहिला. मग इंजिनचा काय दोष?"

माझा जीव भांड्यात पडला, पण काका तिथे थांबले नाहीत. दिवा खोटा निघाला म्हणून ऑईलचा दाब ठीक आहे असं ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच गॅरेजवाल्याकडून दाबाचा मीटर मागून घेतला, स्विचच्या जागी बसवला, इंजिन चालू करायला लावलं. काटा चढला, दाब ठीक होता. गॅरेजवाला बाजूलाच उभा होता. काका त्याला एका शब्दानेही लावून बोलले नाहीत, उलट मीटर पुसून परत दिला.

मग वायरचा मधला जोड सोडला. आता दिवा विझला. म्हणजे खोट जोडापासून इंजिनपर्यंतच्या वायरमध्ये. ती बोटाने चाचपत काका हॉर्नखाली आले आणि थांबले.

ते हॉर्न मी बसवलं होतं. पांढुर्ण्यात संत्र्याच्या पेट्या बांधायच्या बारीक लोखंडी तारेने माणसं काहीही बांधतात. फाटक, बादलीचा कान, चपलेचा पट्टासुद्धा. मीही ती सवय लावून घेतली होती. हॉर्नची वायर लोंबू नये म्हणून बाकीच्या वायरींबरोबर त्याच तारेने पक्कडीने पिळून आवळली होती आणि वर स्वतःवर खूश झालो होतो. तारेने दिव्याच्या वायरचं प्लास्टिक कापलं, आणि वायर गाडीच्या लोखंडाला लागली.

काकांनी तार कापली, माझ्या तळहातावर ठेवली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टेप गुंडाळायला लागले. शेठ चहा पीत होते. तार खिशात घातली असती तर कोणाला कळलं नसतं. मी शेठपुढे हात उघडला आणि सांगून टाकलं.

त्यांनी कप खाली ठेवला आणि तार उचलून पाहिली.

"आपल्याच पेटीची?"

"हो शेठ."

"कोकण्या, गाडी म्हणजे पेटी होय काय बे? चाल, बागवाला वाट पाहून राहिला."

शेठ गाडीत बसायला गेले तेव्हा काका हळूच म्हणाले, "तुम्हीच सांगतलं, बरं केलं. मी सांगतलं असतं त नोकरी गेली असती तुमची."

आता सौंसरला गेलो की त्यांच्याकडे थांबतो. ते मला वायरिंग शिकवतात. प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतात. शाळेत असं कोणी माझ्यासाठी थांबलं असतं तर, असं वाटतं. एकदा त्यांनी माझं गाव विचारलं. महाडजवळ, म्हणालो, तर त्यांचा हात थांबला.

"मंग चवदार तळं पाह्यलं असंल तुम्ही."

पाहिलं होतं, बाजाराला जाता-येता, शेकडो वेळा. कधी उभा राहिलो नव्हतो. काका-काकू दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, पण महाड त्यांना कधी जमलं नाही. तेवढ्या दूर आम्हाले कोण नेईल, म्हणाले आणि पुन्हा वायर सोलायला लागले.

तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. काका, तुम्हाला आणि काकूंना एक दिवस मी महाडला नेईन. गाडी मी चालवीन, आणि तळ्याच्या काठी तुम्हाला हवं तितका वेळ थांबीन.