भावोजींचा डावा हात

भावोजींनी स्वतःचाच डावा हात खाटेवरून ढकलून दिला आणि हातापाठोपाठ स्वतःही खाली आपटले. मी धावत गेले तर माझ्यावरच डाफरले, "वहिनी, हा कुणाचा हात माझ्या अंथरुणात टाकलाय? घेऊन जा." भुवईतून रक्त येत होतं. अर्धांगाचा झटका येऊन पंधरा दिवस झाले होते.

हे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. मुंबईच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि जन्मभर फ्रान्सच्या पंडितांची पुस्तकं वाचली. जेवायला बसले की सुरू व्हायचे. "वहिनी, शरीर ही आपल्या मालकीची वस्तू नाही. शरीर म्हणजेच मी. आधी अंग शिकतं, मग त्यातून हा मी तयार होतो." मी चौथी शिकलेली. म्हणायची, "भात निवतोय. आधी अंगात घाला."

कधी उजव्या हाताने डावा धरून विचारायचे, "सांगा, यातला शिवणारा कोण आणि शिवून घेणारा कोण?" मला आमची उमेळ्याची विड्याच्या पानांची वाडी शिंपायची असायची. "दोन्ही रिकामे आहेत, एवढं दिसतंय."

डॉक्टर म्हणाले, हात आपला वाटेना तर असेच पडत राहतील, एक दिवस डोकं फोडून घेतील. माझे मालक आधीच गेलेले, घरात आम्ही दोघंच. दिराला आंघोळ घालते म्हणून बायका बोलायच्या. म्हटलं, या, तुम्ही घाला. कुणी आलं नाही.

आमच्याकडे पोरांना अक्षराआधी पानवेल बांधायला येते. डाव्याने वेल काठीला धरायची, उजव्याने केळीच्या सुक्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, गाठ मारायची. मी त्यांना वेलीपाशी खुर्चीत बसवलं, डावा हात वेलीवर ठेवला, उजव्यात सोप दिलं. उजव्याने आणि दातांनी त्यांनी गाठ मारली. चांगली घट्ट मारली, पण वेलीबरोबर स्वतःचा डावा अंगठाही आवळून टाकला.

मी सोडवलं नाही. मी दमले होते, तिथेच बांधावर बसले. ते मागे रेलायला गेले तसा हात ताणला.

"वहिनी, दुखतंय."

"कुणाला?"

बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला."

मी गाठ कापली.

हात काही चालला नाही. पण आंघोळीच्या वेळी उजव्याने तो उचलून माझ्यापुढे धरायला लागले. आणखी पाच वर्षं जगले आणि दुसऱ्या झटक्यात गेले. मागे मी राहिले.