टेपचे अकरा तुकडे

"बसने जाऊ या का?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"तुम्ही जा ताई," भाऊ म्हणाले. "बसमध्ये गाणी लावतात."

तोवर आम्ही निम्मी वाट चालून आलो होतो. पूल मागे राहिला होता, पुढे गोदामांची लांबच लांब भिंत होती आणि ऊन अजून उतरलं नव्हतं. भाऊंच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत छोटा टेपरेकॉर्डर आणि त्यात एक कॅसेट. सकाळी निघताना ती पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. आता ती त्यांच्या गुडघ्याला आपटत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. कुणाचा साधा ट्रान्झिस्टर टेबलावर जोरात ठेवला गेला तरी हळहळणारा हा माणूस. म्हणून मला भीती वाटत होती. मघाशी पुलाच्या मधोमध ते थांबून खाली बघत राहिले, तेव्हा मी मनात देवाचं नाव घेत त्यांच्या आणि कठड्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले होते. त्यांना एकटं सोडून बसमध्ये चढणं मला जमणार नव्हतं.

भाऊ माझे सख्खे कोणी नव्हेत. वीस वर्षांचे शेजारी, मध्ये एक भिंत. गल्लीच्या तोंडाशी रेडिओ, टेप, स्पीकर दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आहे. पोरंटोरं त्यांना पाठीमागे खरखरकाका म्हणतात, कारण दुकानात कोणीही आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "खरखर येते का?" एकदा मी घसा बसला म्हणून काढ्याचं विचारायला वहिनींकडे गेले होते, तर आतून यांनी सवयीने तेच विचारलं. वहिनी आणि मी पोट धरून हसलो होतो. वहिनी म्हणजे त्यांची बायको. आज आम्ही तिलाच आणायला तिच्या भावाच्या घरी गेलो होतो, आणि हात हलवत परत येत होतो.

गोदामांच्या भिंतीला जरा सावली होती. तिथे भाऊ अचानक म्हणाले, "ताई, एक विचारू? हसायचं नाही. गाणं ऐकताना तुम्हाला नेमकं काय होतं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हटलं, "गळ्याशी काहीतरी येतं. संध्याकाळी मी देवाची गाणी लावते ना, तेव्हा दिवसभराचं ओझं कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटतं. का बरं?"

"मला काहीच होत नाही."

"आज कसं होईल? आजचा दिवसच तसा..."

"आज नाही ताई. कधीच नाही. जन्मल्यापासून नाही."

आणि मग चालता चालता त्यांनी सांगितलं. शाळेत सगळी मुलं प्रार्थना म्हणताना डोळे मिटायची, डोलायची; यांना वाटायचं, नाटक करतात. मोठेपणी कळलं की नाटक नाही. आपल्यालाच काहीतरी दिलेलं नाही. सूर खाली गेला, वर गेला, हे त्यांना इतरांपेक्षा जास्त कळतं. कुठल्या स्पीकरचा कागद फाटलाय, कुठला पट्टा ढिला झालाय, हे रस्त्यावरून जाताना सांगतील. पण त्यापुढे काही नाही. लग्न नवं असताना वहिनीने लाडात येऊन विचारलं होतं, "तुमच्या आवडीचं गाणं कुठलं हो?" हे म्हणाले, "जे स्वच्छ येतं ते." तिला वाटलं, नवरा विनोदी आहे.

"मग दुकान कसं चालवलंत इतकी वर्षं?" मी विचारलं.

"तोंडं बघून."

ते मला ठाऊक होतं, फक्त त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. सेट दुरुस्त झाला की भाऊ गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवत आणि त्याला हवं ते गाणं लावत. गाणं सुरू झालं की मान वळवून एकटक गिऱ्हाइकाकडे बघत राहत. बायकांना ते आवडायचं नाही. मीही एकदा वहिनीला तसं बोलून दाखवलं होतं. पण त्या बघण्यात वावगं काही नव्हतं. मीटरवर सगळं बरोबर दिसलं तरी गिऱ्हाईक म्हणायचं, "पूर्वीसारखं नाही वाटत." मग हे कुठला तरी स्क्रू केसभर फिरवायचे, आणि समोरच्याची भुवई सैल पडली, गळ्याची गाठ हलली, की थांबायचे. झालं काम.

"कोपऱ्यावरचा खाटीक आठवतो?" भाऊ म्हणाले. "एवढा मोठा माणूस. सेट तपासायला काय लावायचा, तर अंगाईगीत. आणि ते लागलं की भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, तुमच्याकडे धूळ फार आहे. नंतर नंतर बिघाड नसतानाही सेट घेऊन यायचा. घरात ऐकायची लाज वाटत असेल."

"आणि त्या दोघी बहिणी," ते पुढे म्हणाले. "वडिलांचा रेडिओ घेऊन आल्या. एकच गाणं, एकाच वेळी ऐकलं. थोरली रडायला लागली, धाकटी ताडकन उठली, बंद करा म्हणाली. मी हळूच विचारलं. थोरलीने ते वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकलं होतं. धाकटी झाली तोवर वडील पिऊन यायचे आणि तेच गाणं म्हणत दार वाजवायचे. मला त्या दिवशी वाटलं, गाण्यात मुळात काही नसतंच. माणूस आपलं काहीतरी त्यात ठेवतो, आणि पुन्हा लागलं की ते सापडतं. म्हणून एकाला जे आवडतं ते दुसऱ्याला नको होतं. मी कधी काही ठेवलंच नाही, मग मला कुठून सापडणार?"

मला हे पटलं नाही. ती देणगी वरून येते असं मी मानते. पण तसं बोलले असते तर देवाने यांनाच का वगळलं, हा प्रश्न आला असता. मी पदर डोक्यावर ओढून घेतला.

त्यांची एकुलती एक मुलगी गेल्या वर्षी तापाने गेली. बावीस वर्षांची, दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर बसायची. पाच दिवसांत सगळं संपलं. घर माणसांनी भरलं होतं तेव्हा वहिनीला दुकानात एक कॅसेट सापडली. वर भाऊंच्या अक्षरात 'टेस्ट' एवढंच लिहिलेलं. कुणाचा तरी रेकॉर्डर दुरुस्त झाल्यावर यांनी मुलीला समोर बसवून सांगितलं होतं, "काहीतरी बोल गं, माइक बघायचाय." ती बोलली नाही, गायली. सिनेमातलं उडतं गाणं, अडखळत, मध्येच हसत. तेवढाच तिचा आवाज मागे राहिला होता.

वहिनीने ती टेप सगळ्या नातेवाइकांसमोर लावली. जो तो हमसून रडत होता. मीही होते तिथे. आणि त्या रडण्यात भाऊंचा आवाज स्पष्ट आला, "खरखर येतेय. मशीनचं हेड साफ करायला हवं."

माणसं वळून बघायला लागली. कोणीतरी "दगड" म्हणालं.

त्यानंतर दोन महिने वहिनी रोज दुपारी टेप लावायची. रोज. भाऊंना दिसत होतं की बायको खंगत चालली आहे आणि टेपही झिजत चालली आहे. बायकोचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. टेपचं सुचलं. एक दिवस ती तपासणीसाठी दवाखान्यात गेली असताना त्यांनी कॅसेट उघडली, ब्लेड घेतलं आणि गाण्यात जिथे जिथे गाणं नव्हतं तेवढे तुकडे कापून काढले. उरलेलं नीट जोडलं. संध्याकाळी मोठ्या हौसेने बायकोला म्हणाले, "ऐक आता."

गाणं सलग आलं. एकही अडखळ नाही. वहिनीने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "माझी पोरगी श्वास घेत होती. तो कुठे गेला?"

दुसऱ्या दिवशी ती भावाकडे निघून गेली.

भाऊ टेपचा तुकडा कधी फेकत नाहीत. सगळे डब्यात होते. बोटाएवढ्या, नखाएवढ्या तपकिरी पट्ट्या, अकरा. नऊ पोरीच्या श्वासाच्या, एक हसण्याची, आणि एकीत तिने विचारलं होतं, "बाबा, होतंय ना रेकॉर्ड?" ते बोलणंही यांनी कापलं होतं, कारण ते गाणं नव्हतं.

तीन आठवडे खपून त्यांनी सगळे तुकडे परत जोडले होते. तेच घेऊन आम्ही आज गेलो. वहिनी बाहेरच्या बाकावर येऊन बसली, वाळलेली, केस कसेबसे बांधलेले. तिची भावजय दारात हाताची घडी घालून उभी राहिली. भाऊंनी बटण दाबलं. पहिली ओळ आली, मग श्वास. वहिनीने डोळे मिटले. दुसरी ओळ, पुन्हा श्वास. तिसऱ्या ओळीनंतर पोरीने विचारलं, "बाबा, होतंय ना रेकॉर्ड?" आणि वहिनीने हात वर केला.

"हे इथे नव्हतं."

"मग कुठे होतं? सांग ना, मी बदलतो," भाऊ म्हणाले. "आत्ता बदलतो, ब्लेड आणलंय मी."

"समोर तुम्ही बसला होतात. मला काय विचारता?"

"अगं, मी..."

"तुम्ही कापलंत, तुम्हीच जोडा. पोरगी होती तशी द्या मला, मग येते."

ती उठून आत गेली. भावजयीने कडी लावली. त्या कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

गोदामांची भिंत संपली तेव्हा भाऊ म्हणाले, "खरंच मीच समोर बसलो होतो. हातभर अंतरावर. पण मी काट्याकडे बघत होतो ताई. आवाज चढला की मीटरचा काटा लाल रेघेत जातो, तो जाऊ नये म्हणून त्याच्यावर डोळा ठेवून होतो. तिच्याकडे मी पाहिलंच नाही. मला एवढंच आठवतं की काटा लाल रेघेत गेला नाही."

"आणखी एकदा बदलून बघा," मी म्हटलं. माझंच बोलणं मला पोकळ वाटलं.

"चार वेळा बदललं. कडा कुरतडल्यासारख्या झाल्यात. फार तर अजून एकदा जोडता येईल, मग टेप हेडवरून जाणार नाही, तुटेल. तुकडे जोडल्यावर एक कॉपी काढून ठेवलीय, पण कॉपीला ती हात लावणार नाही. आणि बदलू तरी काय? मला नऊही श्वास सारखेच. कुठलाही कुठेही बसतो. मीटर म्हणतो, सगळं बरोबर आहे."

दुकानाशी आलो तेव्हा पाय भरून आले होते. त्यांनी फळी उघडली, पिशवी टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. मग स्टूल पुसलं. गिऱ्हाइकाचं स्टूल.

"बसा ताई."

मला कळलं, आणि मी दारातच थांबले. "भाऊ, मला नाही जमायचं हे," मी म्हटलं. "मला ते गाणं कधी आवडलंच नाही. खरं सांगू? वहिनी दुपारी लावायची ना, तेव्हा मी खिडकी लावून घ्यायचे. कधी कधी माझी देवाची टेप मोठी करायचे. तिचं ऐकू येऊ नये म्हणून. पोरीच्या आवाजावर मी माझं गाणं चढवत होते." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, देवापुढेसुद्धा नाही.

भाऊ रागावले नाहीत. त्यांनी कॉपीची कॅसेट काढली, मूळची नाही, आणि ती मशीनमध्ये घातली.

"भिंत आपली पातळ आहे," ते म्हणाले. "खिडकी लावून काय अडतंय? दोन महिने रोज कानावर पडलंय. माझ्या कानावर पडूनही उपयोग नाही. तुमच्या वहिनीनंतर ते फक्त तुमच्यातच असेल, आवडो न आवडो. धाकटी बहीण चिडली होती ना? चिडायलाही आधी ओळखावं लागतं."

"मला काही आठवत नाही हो, कुठला श्वास कुठे होता ते."

"आठवायचं नाहीये." त्यांचा हात बटणावर होता. चाळीस वर्षं बारीक तारा जोडणारा हात. "मी या कॉपीचेच तुकडे बदलून बदलून लावत जाईन, जमलं की मूळची एकदाच जोडीन. आज, उद्या, लागतील तितके दिवस. तुम्ही मला काही सांगू नका. नुसत्या बसा. चुकलं की तुमच्या कपाळाला कळेल, बरोबर आलं की गळ्याला कळेल. तेवढं मला वाचता येतं. फक्त रडू आलं तर पदर लावू नका ताई. तोंड झाकू नका. मला दिसू द्या."