दात लागलेली अक्षरं

सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझ्या मांडीवर एक खोका ठेवला, तेव्हा मला त्या खोक्याची लाज वाटली होती, हे आधीच सांगून टाकते. खोक्यात लाकडाची बारा फळं होती. आंबा, केळी, सीताफळ आणि एक वांगं. वांगं हे फळ नाही, हे आमच्या चितारआळीत आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी खोक्यात डोकावून विचारलं, "विकूक नेतंस?" मी ताठ मानेनं सांगितलं, "नाही, मी टीचर आहे." टीचर मी अजून झाले नव्हते. डीएड झालं होतं आणि मुंबईत चारकोपच्या एका इंग्रजी शाळेनं मुलाखतीला बोलावलं होतं, एवढंच. बाबा खिडकीखाली उभे राहून ओरडत होते, "मावशेच्या नातवाक दी. तोंडात घालूंदे तेका. रंगान कायएक व्हवचा नाय!" अख्ख्या गाडीनं ते ऐकलं. मी गाडी सुटायची वाट बघत होते.

तुमच्यातले जे आळीतच राहिले, त्यांना बाबांची रीत माहीत आहे. जे माझ्यासारखे पुण्याला, गोव्याला, दुबईला जाऊन सुधारले, त्यांना आठवण करून देते. खेळणं तयार झालं की बाबा ते आधी स्वतःच्या तोंडात घालत. जिभेवर फिरवत, पुढच्या दातांनी हलकेच चावत, आणि मगच ते विकायच्या टोपलीत जाई. "पोरान तोंडात घातल्यान नाय, तर ता खेळणा कसला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गणपतीच्या आधी लोक चावून चावून रंग उडालेली खेळणी परत आणत. बाबा ती उजेडात धरून बघत आणि विक्री झाल्यापेक्षा जास्त खूश होत. "ह्येका चार दात इलेत," असं पोराला न बघता सांगत. मग लाखेचं पॉलिश भरून खुणा बुजवत, फुकट नवा रंग देत. मला वाटायचं, काय हा माणूस, लोकांच्या पोरांच्या लाळेवर खूश होतो. मला स्वच्छ जागी जायचं होतं.

आले स्वच्छ जागी. मावशीच्या सेक्टरमधल्या बैठ्या घरापासून शाळा दहा मिनिटांवर. चार मजली, पोपटी रंगाची, दारात प्लास्टिकचं गवत. माझ्याकडे पहिलीचं इंग्रजी आलं आणि त्याबरोबर फोनिक्स नावाचं व्रत आलं. अक्षराचं नाव घ्यायचं नाही, आवाज घ्यायचा. एस म्हणायचं नाही, स्स म्हणायचं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही, पद्धत चांगली आहे, पोरं त्यानं वाचायला लागतात. पण ती शिकवायला एका कंपनीची बाई आली. तिनं हातात मोज्याची बाहुली घातली आणि आम्हा बाविसाव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या बायकांशी दोन दिवस त्या मोज्याच्या आवाजात बोलली. दर तिसऱ्या वाक्याला हँड्स-ऑन. मुलांनी हातानं केलं पाहिजे, कापलं पाहिजे, चिकटवलं पाहिजे. मोज्यानं मान डोलावली, आम्हीही डोलावली.

आता हँड्स-ऑन म्हणजे काय ते ऐका. एसच्या आठवड्यात कागदी प्लेटचा साप करायचा होता. गोल गोल कापत गेलं की साप लोंबतो, त्याला डोळे चिकटवायचे. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं. कात्री द्यायची नाही, कारण मागे एकीनं दुसरीची वेणी कापली होती. गोंद द्यायचा नाही, कारण युनिफॉर्म. रंग द्यायचा नाही, कारण फरशी. मग अठ्ठेचाळीस साप मी कापले, मावशीनं भाजी निवडायची सोडून त्यांना डोळे लावले आणि मुलं दुसऱ्या दिवशी हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून सापांकडे बघत बसली. शेवटी एकेकाच्या हातात साप देऊन फोटो काढला, साप परत घेतला. फोटो मुलांच्या आयांच्या ग्रुपवर गेले. आयांनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले.

आया तर आया! घरून कापसाची मेंढी करून आणायला सांगितली, तर एकसारख्या नऊ मेंढ्या आल्या. नाक्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे त्या हारीनं टांगलेल्या मी येता-जाता बघत होतेच. एक मेंढी बॅटरीवर बें करायची. ती आणणाऱ्या मुलाला मी विचारलं, "कुणी केली रे?" तो म्हणाला, "अंकलनी." कोण अंकल, ते त्यालाही माहीत नव्हतं. त्या मेंढीला पहिलं बक्षीस मिळालं. आई रडली. मी त्याच्या वहीवर तारा काढला, कारण पगार मी त्याचाच घेते. दुसऱ्यांना हसते आहे म्हणून मी फार मोठी आहे असं समजू नका. नऊ वर्षांत मी किती साप कापले त्याची गणती नाही, आणि ते कापताना मला मनातून बरंही वाटायचं. माझ्या सापांच्या कडा सुरेख यायच्या. हात चितारआळीचा होता ना.

तोच हात मॅडमच्या डोळ्यात भरला. मॅडम म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस. म्हणाल्या, "तुझे फादर काहीतरी वुडन करतात ना? डिस्प्लेला काहीतरी हटके हवंय यार." मी पुठ्ठ्यावर सव्वीस अक्षरं आखून एसटीनं पाठवली. बाबांना इंग्रजीतलं एक अक्षर येत नाही. त्यांनी ती अक्षरं फळं समजून केली. फोनवर विचारायचे, "ह्येचा पोट खंय? देठ खंय?" पाच महिने लागले. धोतराच्या फडक्यात गुंडाळून अक्षरं आली तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघत राहिले. जाड, गुबगुबीत, टाळूला लागू नये म्हणून एकेक कड घासून गोल केलेली. प्रत्येक अक्षर त्यांच्या तोंडात जाऊन आलेलं असणार, हे मला विचारायची गरज नव्हती.

शाळेत एकच धांदल उडाली. मॅडमनी माझ्या वर्गात मागच्या भिंतीला काचेचं कपाट केलं, आत बल्ब लावला. वर थर्माकोलच्या अक्षरांत हँड्स-ऑन लर्निंग, खाली डू नॉट टच, आणि मध्ये कुलूप. किल्ली माझ्याकडे. पाहुणे आले की मी कपाट उघडून एक अक्षर काढायची, पाहुणे ते हातात घेऊन वा म्हणायचे, मी फडक्यानं पुसून परत ठेवायची. मला आता लाज वाटत नव्हती. अभिमान वाटत होता. लाज परवडली असती.

कारण दर रविवारी बाबांचा फोन यायचा. "खेळतत पोरां?" मी म्हणायची, "खूप." "तोंडात घालतत?" "घालतात ना." मग ते खुलून विचारायचे, "रंग खंयचो गेलो?" आता रंग कुठला जातो, बल्बखाली बसून? पण बापाचा आवाज असा उजळला की काहीतरी सांगावंच लागतं. मी सांगितलं, "एसचं डोकं झिजलं. आर्या म्हणून आहे एक, तिनं खाल्लं." पंधरा दिवसांनी एसटीनं नवा एस आला. मग मी ए झिजवला, ए आला. एम झिजवला, एम आला. ती तीन अक्षरं मी मावशीच्या पलंगाखाली त्याच फळांच्या खोक्यात लपवली. फळं कधीच संपली होती, मावशीच्या नातवानं सगळी चावून टाकली होती. मावशी एकदा म्हणाली, "बापसाक फसवतंस तू. वाट लागतली एक दिवस." मी तिला म्हटलं, तू डोळे चिकटव.

गेल्या वर्षी बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले. बोरिवलीत ऑपरेशन झालं, डोळा बरा झाला, आणि ते म्हणाले, "माका शाळा बघूची आसा." मी सतरा कारणं सांगितली. ते धुतलेला सदरा घालून दारात उभे राहिले. खांद्याला पिशवी. पिशवीत काय, तर लाखेच्या पॉलिशचा डबा, तीन ब्रश आणि फडकं. झिजलेली अक्षरं जागेवर बसून दुरुस्त करून देणार होते.

नशीब असं की मॅडम तेव्हा वर्गातच होत्या, पुढच्या वर्षीच्या अॅडमिशनवाल्या आईबापांना कपाट दाखवत. "हेच ते आर्टिस्ट," त्यांनी बाबांची ओळख करून दिली. बाबांनी नमस्कार केला आणि काळा चष्मा वर करून काचेला नाक लावलं. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्षरां अपुऱ्या दिवसांची हत काय गो? काचेच्या पेटयेत कित्याक ठेवल्यानी?" मॅडमना मालवणी कळत नाही. त्या म्हणाल्या, "सो स्वीट."

बाबा मुलांकडे वळले. अठ्ठेचाळीस घड्या, अठ्ठेचाळीस बोटं. त्यांनी विचारलं, "आर्या कोण तुमच्यात?" दोन आर्या उभ्या राहिल्या. या वयाच्या वर्गात दोन तरी असतातच. "एस कोणी खाल्ल्यान गो?" दोघींनी घाबरून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, आम्ही नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, पर्स खांद्याला होती, आणि कपाट चार पावलांवर होतं. मी कोपरानं पर्स अंगाशी दाबून धरली. मॅडमसमोर, पाहुण्यांसमोर ते कपाट उघडून पोरांना अक्षरं द्यायची माझी हिंमत झाली नाही. आठ वर्षं मी त्या शाळेला नावं ठेवत होते, आणि कुलपाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. बाबांनी पिशवीतून अर्धा बाहेर काढलेला डबा परत आत ठेवला.

दोन दिवसांनी बोरिवलीहून त्यांची गाडी होती. या वेळी खिडकीखाली मी उभी होते. गाडी हलायला लागल्यावर त्यांनी तो डबा ब्रशांसकट खिडकीतून माझ्या हातात दिला. "झाकण घट्ट लाव. लाख सुकता," एवढंच म्हणाले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी पहिल्या तासाला मी कपाट उघडलं आणि सगळी अक्षरं जमिनीवर ओतली. म्हटलं, घ्या. कुणी उठलं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट. इतकी चांगली शिकवली होती मी त्यांना! एकानं विचारलं, "टीचर, फोटो काढणार?" शेवटी मी खाली बसले आणि दोन आर्यांपैकी छोटीची घडी स्वतःच्या हातांनी सोडवली. तिच्या हातात एम दिला. म्म कर, म्हटलं. तिनं म्म केलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओठ मिटलेलेच आहेत तर म्हणून की काय, एम तोंडात घातला. मग पुढचं काय सांगू? झेडनं मारामारी झाली. ओ चाकासारखा घरंगळत पॅसेजमध्ये गेला. एसला चौघांनी चार बाजूंनी ओढलं. कुणी संत झालं नाही, कुणी त्या दिवशी धडाधड वाचायलाही लागलं नाही. पण आवाज सगळे आले, स्स, म्म, ऑ, झ्झ, दोन वर्ग पलीकडे ऐकू जातील इतके. म्हणून तर मॅडम आल्या.

केबिनमध्ये मला हायजीनवर पाऊण तास ऐकवलं. मी म्हटलं, "मॅडम, रंगाची काळजी करू नका, बाबा प्रत्येक अक्षर स्वतःच्या तोंडात घालून बघतात." त्यांचा चेहरा असा झाला, जणू इतकी वर्षं अक्षरं हाताळलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्या आता फोन करून माफी मागतील. किल्ली काढून घेतली. कपाट केबिनमध्ये गेलं. दातांच्या खुणा पडलेली आठ अक्षरं त्यांनी शोभा जाते म्हणून माझ्यासमोर ढकलली. ती आठ आणि पलंगाखालची तीन, एवढ्यावर माझा वर्ग चालू झाला. मॅडमना ते माहीत आहे. त्या दारावरून जाताना मोबाइलमध्ये बघतात, आणि मी त्यांना त्याचे अर्धे मार्क देते. साप मी अजूनही कापते. तो अभ्यासक्रमात आहे.

यंदा गणपतीच्या आधी मी ती आठ अक्षरं फळांच्या खोक्यात घालून एसटीनं गावी पाठवली. डबा माझ्याकडे आहे, ब्रशही आहेत, पण मी पाठवलीच. चौथ्या दिवशी फोन आला.

"आठच?" बाबा म्हणाले. "बाकीची?"

"मॅडमच्या केबिनमध्ये आहेत."

"कित्याक? मॅडमीक दात नाय?"

मी हसले, ते हसले नाहीत. उजेडात धरून बघत असणार. मग म्हणाले, "ह्या एमावर मधी खूण नाय, दोन अंगांक आसा. चेडवाचे फुडचे दोन दात पडलेत. सात वर्साचा असतला. नाव काय म्हणालंस?"

"आर्या."

"हां," ते म्हणाले. "ह्या आर्या खरा." आणि मावशीच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागले.

घर म्हणजे काय, असं तुम्ही मला अधूनमधून विचारता, विशेषतः मी दोन वर्षं गणपतीला आले नाही की. मी तिथं राहत नाही, राहायला परत येणारही नाही, खोटं कशाला बोलू? खोटं बोलून झालंय. जिथं झिजलेली वस्तू लाज न वाटता पाठवता येते ते माझं घर, एवढं मला कळलंय. स्वच्छ वस्तू मी मॅडमना दाखवते.

खोका परवा परत आला. सात अक्षरांच्या खुणा लाख भरून बुजवल्या आहेत, रंग नवा आहे. एमला नुसता रंग दिलाय, खुणा तशाच ठेवल्या आहेत.