खुर्चीतून गेलेली जागा

तोकिए न्हावीण आहे, आणि आमच्या कागामिउरा गावाच्या रेडिओवर दर बुधवारी सकाळी तीच बोलते. बोलते म्हणजे काय, समोरच्याला बोलायला लावते. मी टोफू करून विकतो आणि बुधवारपुरती रेडिओची बटणं सांभाळतो. त्यामुळे पुढचं सगळं मी काचेच्या अलीकडे बसून पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

आमचा रेडिओ मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्यावरच्या खोलीत आहे. खाली बर्फ फोडायला लागले की वर पाहुण्याचं वाक्य तुटतं. सुरुवातीला पाहुणे यायचे आणि तोंडात गुळणी धरून बसायचे. मग तोकिएने तिच्या दुकानातली जुनी, चामडं फाटलेली खुर्ची वर आणवली. जिन्यातून ती चढवणाऱ्यांत मीही होतो, माझी कंबर अजून ते विसरलेली नाही. पाहुण्याला खुर्चीत बसवायचं, पाठ मागे टेकवायची, गळ्याभोवती गरम टॉवेल गुंडाळायचा. झालं. दाढीला बसल्यासारखा माणूस आपोआप बोलायला लागतो. कार्यक्रमाचं नावही मग 'खुर्चीतल्या गप्पा' पडलं.

तिचा एकच नियम होता. मासा केवढा होता, कधी मिळाला, घरी बायको काय म्हणाली, सगळं विचारायचं. कुठे मिळाला हे मात्र विचारायचं नाही. आमच्याकडे माणूस आपला आजार सांगेल, सुनेशी झालेलं भांडण सांगेल, पण मासे कुठे लागतात ते सांगणार नाही. ती जागा बापाकडून पोराला जाते. होड्यांवर आता पडद्याची यंत्रं आली, पण यंत्रात साठवलेल्या जागा जुन्याच. समुद्रावरून किनाऱ्याकडे बघायचं, जवळची एक खूण लांबच्या खुणेला जुळवायची, की एक रेघ मिळते. दुसरीकडे तशीच आणखी एक जोडी जुळवायची. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे गळ सोडायचा. हे इथे शाळेत न गेलेल्यालाही येतं.

त्या बुधवारी खुर्चीत कामेजिरोसान होते. ऐंशीला टेकलेले. गुडघे गेल्यावर त्यांनी होडी मुलीला, मिनाएला दिली. शहरातला संसार मोडून परत आलेली मिनाए आता एकटीच समुद्रावर जाते, आणि बापाची ती एक जागा हाच तिचा सगळा आधार. कार्यक्रम थेट जातो. सगळ्या होड्यांवर तो लावलेला असतो.

"मिनाए झाली तेव्हा तुम्ही होडीवर होतात म्हणे?" तोकिएने विचारलं.

"होतो तर! तांबोशी अशी लागली होती की सोडून येववेना. सासू म्हणाली होती, तू बस मासे धरत. पोरगी झाली तर लाल रजई वाळत घालते, पोरगा झाला तर निळी."

म्हातारा टॉवेलात हनुवटी खुपसून हसत बसला. तोकिएने त्याला हसू दिलं. मग अगदी हळू विचारलं, "मान वर केलीत तेव्हा काय दिसलं?"

"लाल रजई! आमच्या गच्चीवर, बरोब्बर देवळाच्या लाल कमानीखाली. लालाखाली लाल! रडूच फुटलं मला. कुणी बघू नये म्हणून डावीकडे तोंड फिरवलं, तर उबाजिमा बेटाच्या मागून दीपगृह नुकतं डोकं काढत होतं. म्हटलं, तूही आलास होय पोरगी बघायला?"

गच्चीवर कमान, बेटामागून दीपगृह. दोन रेघा. तोकिएने घाईघाईने मला गाणं लावायची खूण केली.

"का गं? रंगात आलो होतो की मी," कामेजिरोसान म्हणाले. मग त्यांचा हात टॉवेलावरच थांबला. "तोकिए... मी सांगितलं का गं?"

तिने वाकून त्यांच्या गळ्याभोवतीचा टॉवेल सोडवला.

दुसऱ्या दिवशी मिनाए पोहोचली तेव्हा इसोबे भावांच्या दोन्ही होड्या तिथे गळ टाकून बसल्या होत्या. त्यानंतर आणखी वाढल्या. मिनाए भांडली नाही. भांडणार कशाच्या जोरावर? समुद्र कुणाच्या नावावर नसतो, आणि हे गुपित कुणी चोरलंही नव्हतं. थोरला इसोबे माझ्या दुकानात स्वतःहून म्हणाला, "रेडिओ चालू होता, कान उघडे होते, टोफूवाले. माझा काय दोष?" मी त्याला कडा मोडलेला टोफू दिला. मला एवढंच करता येत होतं.

शनिवारी मी केस कापायला बसलो होतो तेव्हा मिनाए आली.

"बाबा जेवत नाहीत, तोकिएसान. म्हणतात, तुझ्या जन्माची गोष्ट सांगता सांगता तुझ्याच पोटावर पाय दिला. तुम्ही येऊन समजावा जरा. माझा तुमच्यावर राग नाही."

"असायला हवा," तोकिए माझ्या डोक्यावरची कात्री न थांबवता म्हणाली. "मी मच्छीमाराची लेक आहे. काय दिसलं म्हणजेच कुठे, हे मला कळायला नको? समजावून काय होणार आहे? होड्या उठतील का त्याने?"

मिनाए गेल्यावर तोकिएने माझी उजवी बाजू तशीच ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी अर्धवट डोक्याने बसून राहिलो. त्या दिवशी तिला घाई कर म्हणण्याची माझी छाती नव्हती.

तोकिएचे वडील योहेईसान यांचीही जागा होती. त्यांच्या तांबोशीचं नाव अजून बाजारात निघतं. मुलगा नव्हता. मरताना त्यांनी तोकिएला जवळ बसवून खुणा पाढ्यासारख्या म्हणून घेतल्या आणि बजावलं, तुझ्या पोटच्या पोरालाच दे. तो पोरगा आता ओसाकाला नोकरीला आहे आणि त्याला फेरीबोटीतसुद्धा ओकारी येते. तोकिएचा नवरा रोकुरो जन्मभर मासेमारी करत आला, त्याने लग्नानंतर विचारून पाहिलं, पुन्हा विचारलं, मग नाद सोडला. टोमणा मात्र सोडला नाही. "आमच्या घरात तिजोरी आहे," तो चारचौघांत म्हणायचा. "दिवसभर बडबडते, पण उघडत नाही." तोकिए हसायची आणि हातातलं काम चालू ठेवायची. वडिलांचं तिच्याजवळ उरलेलं तेवढंच होतं.

पुढच्या बुधवारी पाहुणा आलाच नाही. तोकिए स्वतः त्या खुर्चीत बसली, स्वतःच गळ्याला टॉवेल गुंडाळला.

"आज पाहुणी मीच," ती म्हणाली. "गेल्या बुधवारी या खुर्चीतून एक जागा चुकून गेली. चूक माझी. आज एक जाणूनबुजून जातेय. योहेईच्या तांबोशीची."

माझा हात बटणावर गेला. तिने डोळ्यांनीच मला दटावलं.

"ओकुयामा डोंगराच्या दोन शिखरांमध्ये खाच आहे ना, तिच्यात पूर्वी मीठ-गोदामाचं धुराडं बसायचं. धुराडं गेलं, पण त्याच जागी पेट्रोल पंपाचा खांब आहे, तो धरा. ही एक रेघ. दुसरी, धक्क्यावरचा दिवा शाळेच्या घड्याळाखाली आणा. माझे वडील गेल्यापासून तिथे कुणी गळ टाकलेला नाही. जा. फक्त ही अदलाबदल आहे, एवढं लक्षात ठेवा. एक घ्या आणि एक सोडा."

खाली बर्फ फोडणारे थांबले होते. मी गाणं लावायला विसरलो आणि रेडिओवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज गेला.

रोकुरो दुपारी धक्क्यावर उतरला तो थेट तोकिएच्या दुकानात. मी तिथेच होतो.

"एका घरात जन्म गेला," तो म्हणाला, "आणि मला कळलं रेडिओवरून!"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशीच गेला असतात."

"त्याच दिवशी गेलो असतो!" तो स्टुलावर बसला. रागावलेला होता, पण बायकोकडे बघता बघता त्याचा आवाज उतरला. "फार जड गेलं का गं?"

"चहा घेता का?" तोकिए म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बंदरातल्या होड्या योहेईच्या जागेवर गेल्या. इसोबे भावांच्याही. मिनाए आपल्या जागेवर एकटी होती. संध्याकाळी ती सांगत आली, बाबांनी दोन वाट्या भात खाल्ला आणि वर तिलाच विचारलं, मासे धरता येतात का नीट? तोकिए हसली, पण तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. आपल्या वडिलांच्या जागेवर काही लागलं की नाही, हे विचारायला ती धक्क्यावर गेली नव्हती.

मिनाए निघाली आणि थोरला इसोबे आत आला. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं आरशाखालच्या फळीवर ठेवलं. कागदाबाहेर तांबोशीचं रुंद शेपूट आलं होतं. एवढी मोठी तांबोशी आमच्या बाजारात हल्ली दिसत नाही.

"तुमच्या वडिलांकडून," तो म्हणाला आणि दाढीसाठी खुर्चीत बसून त्याने डोळे मिटले.

तोकिएने त्याच्या गालांना फेस लावला, वस्तरा उचलला, आणि फळीवरच्या त्या शेपटाकडे बघत राहिली. मग वस्तरा खाली ठेवून ओल्या टॉवेलने त्याचा फेस पुसून टाकला.

"आज नको," ती म्हणाली. "बाबांचा मासा आधी घरी नेते. उद्या ये."